मातीतला न दिसणारा राजा

गेल्या वर्षी आमच्या मंदिराच्या मागे पाठशाळेची नवी खोली झाली. पंखे लागले, सतरंज्या आल्या, कपाट आलं, पण समोरची भिंत कोरीच होती. बारा फूट लांब आणि पाच फूट उंच. ती सजवण्याचं काम महिला मंडळाने अंगावर घेतलं. विषयावर पहिल्याच बैठकीत एकमत झालं, आणि आमच्या मंडळात असं फार वेळा घडत नाही. नेमिनाथांची वरात. लग्नाला निघालेला नवरदेव, वाटेत कोंडून ठेवलेली जनावरं, त्यांचा आक्रोश, "ही कशासाठी?" म्हणून सारथ्याला विचारलेला प्रश्न, आणि मागे वळलेला रथ. शिवाय गिरनार आमच्या गुजरातेतलाच. ज्या डोंगरावर मुलं आईबापांचं बोट धरून चढतात, तिथली गोष्ट त्यांच्या भिंतीवर येणार होती.

वाद झाला तो दुसऱ्या बैठकीत. एका भगिनींनी टाइल्सच्या दुकानातून कॅटलॉग आणला होता. चित्र कॉम्प्युटरवर तयार करायचं, टाइल्सवर छापायचं, आठ दिवसांत भिंत पुरी. रंग उडत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतं, आणि प्रत्येक प्रसंगाखाली सोनेरी अक्षरांत नाव. मी म्हटलं, "आपण मातीचं करून घेऊ या का? हाताने घडवलेलं, भट्टीत भाजलेलं. बडोद्यात राहतो आपण." माझं बोलणं पुरं व्हायच्या आत अध्यक्षबाईंनी विचारलं, "ते ठीक आहे हो ताई, पण त्यात नावं घालता येतील ना? नाहीतर पोरांना कळायचं कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. बैठकीत उत्तरं सुचत नाहीत, ती घरी भांडी आवरताना सुचतात. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेलं उत्तर आहे. आणि ते मला ज्यांच्यामुळे सुचलं, त्या के. जी. सुब्रमण्यन यांच्या मातीकामाबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. मी चित्रकलेची विद्यार्थिनी नव्हे. बेळगावात मराठी घेऊन बी. ए. केलं आणि लग्न होऊन बडोद्याला आले, एवढीच माझी पात्रता. पण गोष्ट सांगणं आणि ऐकणं हा काही फक्त पंडितांचा विषय नाही.

सुब्रमण्यन हे नाव बडोदेकरांच्या कानावरून गेलेलं असतं. त्यांचे विद्यार्थी त्यांना मणिदा म्हणत. १९२४ साली केरळात जन्म. मद्रासला अर्थशास्त्र शिकत असताना स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगात गेले, आणि १९४४ मध्ये शांतिनिकेतनला पोचले. तिथे नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज असे गुरू मिळाले. यांतल्या नंदलालबाबूंची भित्तिचित्रं आमच्याच गावात, कीर्तिमंदिरात आहेत. १९५१ पासून सुब्रमण्यन बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवू लागले. मधली दोनेक वर्षं मुंबईला हातमाग मंडळात काढली. १९८० मध्ये पुन्हा शांतिनिकेतनला गेले, पण उतारवयात बडोद्याला परतले आणि २०१६ मध्ये इथेच गेले. चित्रं, काचेवरची चित्रं, खेळणी, विणकाम, मुलांसाठी स्वतः लिहून स्वतःच चित्रं काढलेली पुस्तकं, असं कितीतरी त्यांनी केलं. मी बोलणार आहे ते फक्त त्यांच्या भाजलेल्या मातीबद्दल.

त्यांचं मातीकाम मी आधी एका उसन्या आणलेल्या पुस्तकात पाहिलं, आणि पाहताक्षणी मला ते ओळखीचं वाटलं. कारण अगदी घरगुती आहे. कुंभार चाकावर भांडं घडवतो, तसं हे नाही. माती लाटून तिची जाडसर पोळी करायची, ती जराशी आवळली की सुरीने कापायची, दुमडायची, चिमटे काढून कडा जोडायच्या, कशाने तरी दाबून ठसे उठवायचे. आपण करंज्या, शंकरपाळे, कडबू करतो तेव्हा हात हेच करत असतात. लाटलेल्या मातीची पट्टी दुमडली की दंड होतो, चिमटली की नाक होतं, टोचली की डोळा होतो. आपण पिठाच्या उरलेल्या गोळ्यातून पोरांना चिमणी करून देतो, त्याच जातीचं हे काम आहे. म्हणून मोठ्या कलाकाराचं काम पाहताना जे दडपण येतं, ते इथे येत नाही.

पण मातीचे स्वतःचे काही नियम असतात. ती वाळताना आणि भाजताना आकसते. जाड गोळ्यात ओल राहिली तर भट्टीत वाफ कोंडते आणि गोळा फुटतो. म्हणून मोठी भिंत करायची तर ती अखंड करता येत नाही. तुकडे पाडायचे, वेगवेगळे भाजायचे आणि मग भिंतीवर जुळवायचे. म्हणजे मातीत सांगितलेली मोठी गोष्ट जन्मतःच तुकड्यांची असते. तुकड्यांमधल्या फटी लपवायच्या की दिसू द्यायच्या, एवढंच कलाकाराच्या हाती. छापील टाइल्सवर फट चित्राच्या मधूनच जाते, कधी नवरदेवाच्या नाकावरून, आणि आपण ती नसल्यासारखं करतो. सुब्रमण्यन ती दिसू देतात. त्यांच्याकडे तुकडा हाच अक्षरासारखा आहे. अक्षरं सुटी असतात म्हणून कुणी शब्द वाचायचं थांबत नाही.

त्यांचं सगळ्यांत मोठं मातीचं काम लखनौला आहे. चारबाग स्टेशनजवळच्या रवींद्रालयावरचं भित्तिशिल्प, १९६३ सालचं, हजारो लहान लहान तुकड्यांचं. काही वर्षांपूर्वी आम्ही ऋषभदेवांच्या जन्मभूमीच्या दर्शनाला अयोध्येला निघालो होतो. लखनौला गाडी बदलायची होती आणि मध्ये तीन तास मोकळे होते. बाकीच्या बायका चिकनच्या साड्या बघायला गेल्या. मी यजमानांना घेऊन रवींद्रालयासमोर जाऊन उभी राहिले.

या भिंतीचा विषय रवींद्रनाथांचं 'राजा' हे नाटक. १९१० सालचं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुदर्शना राणीला तिचा राजा अंधाऱ्या महालातच भेटतो, तिने त्याचं रूप कधी पाहिलेलं नाही. तिला तो उजेडात बघायचा आहे. वसंतोत्सवात ती गर्दीत त्याला शोधते आणि सुवर्ण नावाच्या एका देखण्या तोतयालाच राजा समजून बसते. पुढे सगळं बिघडतं. इतर राजे तिच्यासाठी लढायला उठतात. तिचा अभिमान गळून पडतो आणि शेवटी ती पायी चालत आपल्या राजाकडे येते. सुरंगमा नावाच्या दासीने मात्र राजाला न बघताच ओळखलेलं असतं.

आता विचार करा. ज्या गोष्टीचा नायक दिसतच नाही, ती गोष्ट भिंतीवर दाखवायची कशी? राजा काढला तर गोष्ट मेली. नाही काढला तर भिंतीवर उरलं काय? उन्हात डोळ्यांवर हात धरून मी बराच वेळ बघत होते. आकृत्या एकमेकींना लागून उभ्या आहेत, तुकड्यांनी बांधलेल्या. नजर एका ठिकाणी ठरत नाही, ती पुढे सरकत राहते. कुठल्या एका आकृतीवर बोट ठेवून "हा खरा राजा" असं मला तरी म्हणता आलं नाही. आणि मग लक्षात आलं की मी अगदी सुदर्शनेसारखीच वागते आहे. गर्दीत राजा शोधते आहे. भिंतीने मला गोष्ट सांगितली नव्हती, गोष्टीत उभं केलं होतं.

घाईघाईने कौतुक करून मी पुढे जाणार नाही. तिथेच उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्याला मी विचारलं होतं, "भैया, ये क्या बना है?" तो म्हणाला, "डिझाइन है, बहनजी. पुराना है." रोज त्या भिंतीच्या सावलीत थांबणाऱ्या माणसाला ती नुसती नक्षी होती. यजमान म्हणाले, "बघ, तुमच्या अध्यक्षबाई बरोबर म्हणतात. खाली चार ओळी लिहिल्या असत्या तर?" त्यांचं म्हणणं मला तेव्हाही खोडता आलं नाही. नाटक ज्याच्या मनात नाही, त्याच्यासाठी ही भिंत मुकी आहे. हा या कामाचा खरा दोष आहे की आपल्या समाजाचा, हा प्रश्न घेऊनच मी गाडीत बसले.

नावं घातलेलं चित्र काय करतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बेळगावजवळ माझ्या आजोळच्या बस्तीत मधुबिंदूचं चित्र होतं. तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. विहिरीत फांदीला लोंबकळणारा माणूस. वर फांदी कुरतडणारे दोन उंदीर, एक पांढरा आणि एक काळा. झाड हलवणारा हत्ती. खाली जबडा उघडून बसलेले साप. अंगाला डसणाऱ्या मधमाश्या. आणि तरीही पोळ्यातून ठिबकणाऱ्या मधाच्या थेंबासाठी तोंड वर केलेला तो माणूस. बाजूला विमान घेऊन विद्याधर उभा आहे, चल म्हणतो आहे, आणि हा म्हणतो, थांब, अजून एकच थेंब. आजी मला कडेवर घेऊन एकेका गोष्टीवर बोट ठेवायची. हत्ती म्हणजे मृत्यू, उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र, साप म्हणजे गती. सगळ्यांखाली नावं होतीच.

हे चित्र मला आजही प्रिय आहे. पण एक कबूल करते. नावं पाठ झाली आणि मी ते चित्र बघणं सोडून दिलं. उत्तर आलं की गणिताची वही मिटतो, तसं. पुढे कितीतरी वर्षांनी, घर, मुलं, सासरची आजारपणं यांच्या रगाड्यात एका दुपारी मला तो माणूस अचानक आठवला, तेव्हा त्याच्याखाली कुठलंच नाव नव्हतं. तो मीच होते. म्हणजे चित्राने काम केलं, पण नावं गळून पडल्यावर केलं.

सुब्रमण्यन यांचं मातीतलं दुसरं काम, ज्याने मला अनेक दिवस सोडलं नाही, ते १९७१ सालचं आहे. पूर्व बंगालात तेव्हा जे चाललं होतं त्याच्या बातम्या रोज येत होत्या. ज्या माणसाच्या तरुणपणाची वर्षं बंगालात गेली, त्याला त्या किती लागल्या असतील, याची आपण कल्पना करू शकतो. त्या सुमारास त्यांनी टेराकोटाची लहान उठावशिल्पं केली. सेनापती आणि त्यांची विजयचिन्हं, असा त्यांचा विषय. छातीवर पदकांच्या रांगा मिरवणारे सेनापती, आणि त्यांची विजयचिन्हं म्हणजे माणसांचे तुटके अवयव. तीच लाटलेली पोळी, तीच चिमट, तेच ठसे. पदकही मातीची चकती आणि तुटलेला हातही मातीचीच वळकटी. दोन्ही एकाच परातीतल्या.

माझ्या एका मैत्रिणीला मी पुस्तकातलं छायाचित्र दाखवलं. तिने पान लगेच उलटलं. म्हणाली, "असलं बघायचं कशाला? पाप लागेल." तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे की हिंसा करणं, करवणं आणि तिला अनुमोदन देणं, तिन्ही दोषच. हिंसेचं चित्र आवडीने बघणं यांत कुठे बसतं, हा प्रश्न रास्त आहे.

पण आपल्याकडेही नरकाची चित्रं आहेत. करवतीने कापले जाणारे, तेलात तळले जाणारे जीव आपण मंदिराच्या भिंतींवर पाहिलेले आहेत. ती बघून पाप लागतं असं कुणी म्हणत नाही. कारण तिथे हिशेब पुरा असतो. अमुक केलं, तमुक भोगलं. बघणाऱ्याला भीती वाटते, आणि आपण त्या रांगेत नाही याचं थोडं समाधानही वाटतं. सुब्रमण्यन यांच्या या शिल्पांत हिशेब पुरा होत नाही. सेनापतीला कुणी तळत नाही. तो पदकं लावून, जरासा फुगून, जवळजवळ विनोदी दिसत बसलेला आहे. आपल्याला हसू येतं आणि पुढच्या क्षणी त्याच्या बाजूचा तुटलेला पाय दिसतो. आपलं हसू आपल्याच तोंडात अडकतं. अनुमोदन म्हणजे काय, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा त्या अडकलेल्या हसण्याने जास्त स्पष्ट समजलं. मैत्रिणीला मी हे सांगितलं. तिने पुस्तक परत मागून घेतलं नाही, पण विचारात पडली.

एक तक्रार मात्र माझी उरतेच. या शिल्पांत मारणाऱ्याला चेहरा आहे, मेलेल्याला नाही. त्याचे फक्त अवयव आहेत. युद्ध माणसाचं असंच सामान करून टाकतं, हे दाखवायचं म्हणून तसं केलं असेल, आणि ते पटतंही. पण ते ज्याचे हात होते त्याची कुणी आई, बायको, बहीण असेलच की. तिला त्या मातीत कुठे जागा मिळालेली मला दिसली नाही. उपहासाला तीक्ष्ण धार असते, पण त्यात जवळ बसून रडायला जागा नसते. करुणेचं काम उपहास पुरतं करू शकत नाही, असं मला ही शिल्पं बघताना वाटलं. मुलांच्या पुस्तकांतही त्यांचा स्वभाव असाच आहे. हनुमानाची गोष्ट सांगतील, मांजराची सांगतील, आणीबाणीवर बोलक्या चेहऱ्याची काळी-पांढरी बोचरी गोष्ट सांगतील, पण डोळ्यांत पाणी येऊ देणार नाहीत. तो त्यांचा स्वभाव. मी मात्र त्यांच्याकडून वाट शिकेन आणि पाणी माझं घेऊन जाईन.

आता नेमिनाथांकडे येते. त्या गोष्टीतला न दिसणारा राजा कोण? मला वाटतं, तो आक्रोश. नवरदेवाने आधी जनावरं पाहिली की आधी त्यांचा आवाज ऐकला, ते सांगणाऱ्यावर असतं. पण रथ वळतो तो त्या आवाजाने. वरातीत वाजंत्री होती, शेकडो माणसं होती, सगळ्यांच्या कानांवर तो आवाज पडतच होता. ऐकला एकानेच. भिंतीवर हत्ती, घोडे, हरणं, मोत्यांच्या मुंडावळ्या सगळं काढता येईल. आवाज काढता येणार नाही. त्याची जागा रिकामी ठेवावी लागेल, आणि ती इतकी नेमकी रिकामी ठेवावी लागेल की बघणाऱ्याने तिथे कान द्यावा. आणि राजुलमती? सज्ज्यात उभी राहून वाट बघणारी, आणि रथ वळलेला बघणारी. तिच्या मनात त्या क्षणी काय झालं हे कुठल्या सोनेरी अक्षरात बसेल?

लखनौच्या रिक्षावाल्याचा प्रश्नही मला इथेच सुटला. त्याला भिंत मुकी होती, कारण 'राजा' त्याच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या मुलांचं तसं नाही. नेमी-राजुलची गोष्ट त्यांनी आज्यांच्या तोंडून ऐकलेली आहे, पर्युषणात ऐकलेली आहे, नाटुकल्यात स्वतः हरणं होऊन उड्या मारलेल्या आहेत. नावाची पाटी लागते ती अनोळखी माणसाला. घरच्या माणसाच्या गळ्यात आपण पाटी अडकवत नाही. जिथे नावांची गरज सगळ्यांत कमी, तिथेच ती लावण्याचा आमचा हट्ट होता.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत, जमेल तसं, बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मत घेतलं. मातीच्या बाजूने आम्ही चौघी, छापील टाइल्सच्या बाजूने अकरा. मातीकामाला लागणारा वेळ आणि खर्चही जास्त होता, ते खोटं नव्हे. मी वर्गणी दिली, आणि टाइल्स लागल्या त्या दिवशी सगळ्यांबरोबर लाडूही वाटले. भिंत स्वच्छ आहे, रंगीत आहे, प्रत्येक प्रसंगाखाली नाव आहे.

पहिल्याच रविवारी पाठशाळेतला एक सात-आठ वर्षांचा मुलगा त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा होता. 'नेमिकुमारांची वरात' ही अक्षरं त्याने जुळवून वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, हा रथ लग्नाला चाललाय की परत चाललाय?"

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच, चित्रावरून काही सांगता येत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "तुला काय वाटतं?" त्याने रथाकडे पाहिलं, हरणांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "यांना अजून ऐकू आलेलं नाहीये." मग तो सतरंजीवर जाऊन बसला, आणि मी उपस्थिती घ्यायला लागले.